एकेक आकडा

हातातल्या यंत्रावरचा आकडा हलत नव्हता. मी तो तिसऱ्यांदा वाचून दाखवला, एकेक करून, टिंब आलं की टिंब म्हणून. गुरुजी म्हणाले, "तोच हाय ना? म्हणजे होडी जागेवर हाय. किसन, अशीच धरून ठेव."

किसन माझा धाकटा भाऊ. तो वल्हं मारत होता. वाऱ्यात धूळ एवढी होती की हातभर पुढे बसलेल्या किसनची पाठ तेवढी दिसत होती. धरणाचे दोन्ही काठ केव्हाच दिसेनासे झाले होते. दुपारचे तीन वाजले असतील, पण उजेड तांबडा होता आणि खाली पाणी उसळत होतं.

"जागेवर न्हाई गुरुजी," किसन ओरडला. "मी मारायलोय एकीकडं अन् होडी चाललीय दुसरीकडं."

"यंत्र म्हणतंय जागेवर हाय."

मी चौथ्यांदा वाचलं. तोच आकडा. त्याच्या खाली इंग्रजीत एक बारीक ओळ आली होती. मला इंग्रजी येत नाही. गुरुजींना येत होतं, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि एवढी बारीक ओळ त्यांना दिसत नव्हती. मी फक्त आकडे वाचायचे असं आमचं ठरलेलं होतं. म्हणून मी ओळीबद्दल बोलले नाही.

मग गुरुजींनी होडीच्या पुढच्या फळीवर हात फिरवला. तिथं यंत्राला जागा कळवणारा रिसीव्हर ठेवलेला असायचा.

"अनसूया, रिसीव्हर कुठाय?"

"डब्यात ठेवलाय. पाणी उडायलंय म्हणून."

"कोणत्या डब्यात?"

"भाकरीच्या."

भाकरीचा डबा स्टीलचा होता. झाकण असं घट्ट की उघडायला गुडघ्यात धरावा लागायचा. गुरुजींनी हात पुढे केला. मग म्हणाले, "उघड."

एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. त्यांना रागावता यायचं नाही, आणि मास्तर माणसाला हे चांगलं नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

दिगंबर गुरुजी मला चौथीला होते. नोकरी लागल्यावर त्यांना पहिलंच गाव आमचं मिळालं. आमचं म्हणजे जुनं गाव, जे आता येलदरीच्या धरणात आहे. मी चौथी पास झाले आणि पुढच्या वर्षी गाव उठलं. नव्या जागी शाळेवर पत्रे पडेपर्यंत माझं लग्न झालं होतं. किती शिकलीस असं कोणी विचारलं तर मी सांगते, पाणी आलं तिथपर्यंत.

गुरुजी नंतर तालुकाभर फिरले आणि निवृत्त झाल्यावर आमच्या नव्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. बोरीला त्यांचं स्वतःचं घर होतं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. लोकांनी विचारलं, गुरुजी, बोरीसारखं गाव सोडून इथं कशाला?

"माझी पहिली शाळा इथं हाय."

"इथं कुठं? ती तर पाण्यात हाय."

"मग मी काठावर राहतो."

मीही तोवर विधवा होऊन किसनकडे परत आले होते. किसन धरणात मासे धरायचा, मी ते येलदरीच्या फाट्यावर विकायची. गुरुजी मासे खात नव्हते, पण रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. धुवून पांढरं केलेलं धोतर, काखेत छत्री, खिशात दस्तीत बांधलेले भाजके शेंगदाणे. शेंगदाणे मोजून द्यायचे. मला सात, किसनला सात, स्वतःला सात. मी एकदा म्हटलं, गुरुजी, मूठभर द्या की, काय मोजायलात. ते म्हणाले, "मोजलं की उरलेलं कळतं."

त्यांचा पुतण्या पुण्यात कंपनीत होता. त्यानं आपला जुना हातातला कॉम्प्युटर काकांना दिला. वहीच्या अर्ध्या पानाएवढा, काडीनं टोचून चालवायचा. त्याच्याबरोबर वेगळा एक रिसीव्हर होता. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, वर एक हिरवा दिवा. दोघांच्या मध्ये वायर नव्हती. रिसीव्हर आभाळातल्या उपग्रहांकडून आपली जागा समजून घ्यायचा आणि कॉम्प्युटरला कळवायचा. मग कॉम्प्युटरवर आकड्यांच्या दोन ओळी यायच्या, एक उत्तरेची, एक पूर्वेची. त्या दोन ओळी म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा. आता हे सगळ्यांच्या मोबाईलात असतं आणि कोणी त्याच्याकडे बघतही नाही. तेव्हा आमच्या गावात असलं काही नव्हतं.

गावातले लोक म्हणायचे, "गुरुजी, गाणं लावा की त्याच्यावर."

गुरुजी म्हणायचे, "हा गाणारा न्हाई. हुशार विद्यार्थी हाय. पण आभाळ दिसल्याबिगर उत्तर देत न्हाई." म्हणून रिसीव्हर झाडाखाली न्यायचा नाही, छपराखाली न्यायचा नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. डब्याचं बोलले नव्हते. कोण बोलेल?

पण गुरुजींना ते आकडे दिसत नव्हते. डोळ्यांचं ऑपरेशन ते दर वर्षी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचे. एका संध्याकाळी त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाले. आकडे आपले होते तसे नव्हते, इंग्रजी होते, पण बसच्या पाट्यांवरून मला तेवढे ओळखता येत होते. मी वाचलं, "एकोणीस, टिंब, त्र्याहत्तर..."

"थांब. एकेक आकडा वाच. जोड्या लावू नको."

"का? त्र्याहत्तर म्हटल्यावर काय बिघडलं?"

"घाईत माणूस सदतीस लिहितो. पाण्यावर तेवढ्यात आपण दुसऱ्याच गावात जातो."

तेव्हापासून मी एकेक वाचायची. एक, नऊ, टिंब, सात, तीन. किसन मला चिडवायचा. बाजारातून आले की म्हणायचा, "आक्का, मासे किती गेले? एकेक आकडा सांग."

पाण्यावर जायच्या आधी गुरुजी काठावर हजेरी घ्यायचे. तीन माणसांची. "किसन?" किसन दात काढत हजर म्हणायचा. "अनसूया?" मी हजर. शेवटी स्वतःच, "दिगंबर? हजर." परत आल्यावर पुन्हा. मला पोहता येत नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाची एक ट्यूब माझ्या कमरेला बांधायचे. मी म्हणायची, म्हातारे तुम्ही, तुम्ही बांधा. ते म्हणायचे, मी विहिरीत पोहलेला माणूस आहे. विहिरीत पोहून किती वर्षं झाली ते मी विचारलं नाही.

यंत्र आलं त्याच उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे एवढं उतरलं आणि आमचं जुनं गाव वर आलं. गाव म्हणजे जोत्याचे दगड आणि चिखल. गुरुजींनी काठीवर चालणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा केलं. जो तो आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहायचा, गुरुजी रिसीव्हर त्याच्या डोक्याशी धरायचे, मी आकडे वाचायची आणि ते वहीत मोठ्या अक्षरात घराचं नाव आणि आकडा लिहायचे. दोन भाऊ भांडले, उंबरा कोणाचा म्हणून. पाण्यात चाळीस वर्षं गेलेला उंबरा. गुरुजींनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि दोघांच्या नावानं तोच आकडा लिहिला.

काशी आत्या तर चुलीच्या जागेवर बसली ती उठेना. म्हणाली, "माझी चूल लिहा."

"आत्या, आपण उंबरे लिहायलोत."

"उंबऱ्यावर मी किती येळ उभी ऱ्हायले? जिंदगी चुलीपाशी गेली. चूल लिहा."

वहीत सगळे उंबरे आहेत आणि एक चूल आहे.

त्या यंत्राला एक वाईट खोड होती. बॅटरी पूर्ण उतरली की ते सगळं विसरायचं. एकदा लाईट तीन दिवस नव्हती, आणि चालू केलं तर गाव कोरं.  गुरुजींनी शेंगदाणे काढले, सात सात वाटले, वही उघडली आणि म्हणाले, "चल. पहिल्यापासून." दोन दुपारी आम्ही ते गाव काडीनं टोचून परत आत घातलं. वही त्यांनी कधी पाण्यावर नेली नाही. यंत्र बुडालं तरी गाव बुडू नये, म्हणायचे.

आमच्या गावात लग्न निघालं की पहिली अक्षत जुन्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायची रीत. गाव बुडाल्यावर लोक काठावरून पाण्यात अक्षता टाकायचे आणि हात जोडून घरी जायचे. पाणी पुन्हा चढल्यावर गुरुजी लग्नघरच्यांना होडीत घालून बरोबर त्यांच्या उंबऱ्याच्या वर नेऊ लागले. मी आकडे वाचायची, गुरुजी किसनला म्हणायचे, थोडं उजवीकडं, अजून, बस. मग ते लोक वाकून पाण्यात अक्षता सोडायचे. खाली काही दिसायचं नाही. तरी बायका रडायच्या. एका नवरदेवाचा मामा घाईत होता. होडी निम्म्यावर आली तर म्हणाला, "टाका इथंच. पाणी सगळं एकच हाय की, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "मग पत्रिका बी कुणाच्याही दारात टाका. दारं सगळी एकच हाईत."  उंबऱ्यावर गेल्यावर सगळ्यात आधी मामानंच टोपी काढली.

वेशीसकट सगळं गाव वहीत आलं. शाळा राहिली. शाळा वेशीच्या बाहेर, नदीच्या अंगाला खोलात होती आणि ती उन्हाळ्यातही वर आली नव्हती. गुरुजींना दुसरं काही नको होतं. डोळे जायच्या आत शाळा वहीत यायला हवी, एवढंच ते म्हणायचे.

"अनसूया, वेशीपासून शाळा किती होती?"

"दोनशे दहा पावलं. मी रोज मोजत जायची."

"का?"

"तुमीच मोजायला शिकवलं होतं."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "पण ती पावलं दहा वर्षांच्या पोरीची." त्यांनी मला रस्त्यावर लहान पावलं टाकत चालायला लावलं. पन्नाशीची मी, पदर खोचून, तुरुतुरु. किसन ओट्यावरून म्हणाला, "आक्का, नवरीवाणी काय चालायलीस?" गुरुजींचं त्यानं समाधान झालं नाही. ते शाळेत जाऊन चौथीतल्या पोरींची पावलं पट्टीनं मोजून आले. मग दिशा विचारली. मी म्हटलं, सकाळी शाळेला जाताना ऊन डाव्या डोळ्यात यायचं. त्यावर त्यांनी विचारलं, कोणत्या महिन्यात? असा माणूस.

मी हे लिहितेय ते मला लिहायला त्यांनी शिकवलं म्हणून. ती वही माझ्याकडे आहे. अजूनही एखादं लग्नघर येतं, मी आकडा सांगते, ते मोबाईलात घालतात आणि स्वतःच जातात. मला कोणी वाच म्हणत नाही. मी संध्याकाळी ओट्यावर बसले की शेंगदाणे सात घेते. जास्त घेतले तर काय होणार आहे, पण सातच घेते. वहीतली शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे. तो आकडा गुरुजींना लिहायला मिळाला नाही.

आम्ही वाऱ्यात सापडलो ते मिरगाच्या आधीचे दिवस होते. पाणी कमी होतं. वेशीची कमान पाण्याखाली जेमतेम हातभर होती आणि किसन तिला फार भ्यायचा, कारण तिनं दोन होड्यांचे तळ फाडले होते. आम्ही वेशीला लांबून वळसा घालून पोरीच्या दोनशे दहा पावलांवर गेलो. किसननं दोरीला दगड बांधून सोडला. बाकी ठिकाणी दगड गाळात मुका जायचा. इथं टणक लागला. चार ठिकाणी सोडला, चारही ठिकाणी टणक. शाळेचं जोतं.

"आकडा वाच," गुरुजी म्हणाले. मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग चष्मा काढून पुसला. पुसून त्यांना काही जास्त दिसणार नव्हतं.

किसन म्हणाला, "गुरुजी, मावळतीकडं बघा. आभाळ लाल झालंय. चला."

"दोन मिनिटं थांब. हजेरी घेतो."

आम्हाला वाटलं, आमची. ते पाण्याकडे तोंड करून मांडी घालून बसले आणि चौथीची हजेरी घ्यायला लागले. सगळी नावं पाठ. अंबादास. कोंडिबा. गयाबाई. निवृत्ती. एक नाव घ्यायचे, थांबायचे, मग दुसरं. त्यातले निम्मे मेलेले, बाकीचे कुठे कुठे गेलेले. किसन माझ्याकडे बघून मानेनं खुणावत होता की थांबव म्हाताऱ्याला. मला थांबवता आलं असतं. माझं ऐकायचे ते. पण माझं नाव उशिरा घातलेलं, म्हणून शेवटून दुसरं होतं आणि मला ते यायची वाट बघायची होती.

"अनसूया."

"हजर," मी म्हटलं.

त्यांनी मागं वळून पाहिलं. हसले. मग शेवटचं नाव घेतलं, वाट बघितली, आणि वळून बसले. तेवढ्यात वारं आलं. धुळीत काही दिसेना, आणि वेशीवर जाऊन आदळू नये म्हणून गुरुजींनी होडी शाळेवरच धरायला सांगितली.

वारं आलं तसं पाणी होडीत उडायला लागलं. आधी एकदा पाणी लागून रिसीव्हर दोन दिवस बंद पडला होता. म्हणून मी तो उचलला आणि भाकरीच्या डब्यात घालून झाकण दाबलं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही. डब्यात त्याला आभाळ दिसेना आणि कॉम्प्युटर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहिला; खालची ती बारीक ओळ तेच सांगत असणार. शाळेचा आकडा. मी तो एकेक करून पाठ होईपर्यंत वाचत राहिले, आणि होडी शाळा सोडून वेशीकडे चालली होती.

डबा उघडला तेव्हा आत भाकरीचे तुकडे आणि तो काळा तुकडा. गुरुजींनी तो घेतला आणि वर धरला. उपग्रह पुन्हा सापडायला वेळ लागायचा. उंच धरलं की लवकर सापडतात असं गुरुजींना वाटायचं. होडीत उभं राहायचं नाही हा नियम त्यांचाच होता. ते उभे राहिले, एक हात किसनच्या खांद्यावर, दुसरा वर.

"आलं का?"

"न्हाई."

"बघत ऱ्हा. आलं का?"

हिरवा दिवा लुकलुकला. आकडा एकदम सुटला, शेवटचे चार आकडे नुसते धावत होते. मी वाचायला लागले. एक, नऊ, टिंब, सात. शेवटचा एक आकडा राहिला असतानाच गुरुजींनी ओळखलं. सगळं गाव त्यांना पाठ होतं.

"वेस," ते म्हणाले. "किसन, खाली वेस हाय. डावीकडं घे."

किसननं घेतली. तळाला दगड लागल्याचा आवाज मला आधी पायांत कळला, मग कानात. होडी एका अंगावर गेली. कॉम्प्युटर हातातून सुटला. मी पाण्यात गेले आणि ट्यूबनं मला वर आणलं. गुरुजी माझ्यापासून दहा-बारा हातांवर होते. तोंड कधी दिसत होतं, कधी नाही. हात तसाच वर होता आणि हातात रिसीव्हर. त्या हाताबद्दल मला नंतर पुष्कळ काय काय सुचलं. तेव्हा एवढंच दिसलं की हात वर आहे. मग लाट आली आणि हात नव्हता.

किसननं मला ट्यूबला धरून ओढत काठाला आणलं. तो पुन्हा आत गेला, दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी सापडले, वेशीच्या आतल्या बाजूला. रिसीव्हर सापडला नाही.

काठावर त्या दिवशी हजेरी झाली नाही. होडीत आम्ही तिघं होतो. जिवंत परत आलो ते दोघं, किसन आणि मी.